ब्रिटनमधला पहिला नाताळ: चॅरिटी शॉपचे डबे आणि घरचा खाऊ

पहिल्या वर्षी नाताळात मी किती पैसे उडवले, ते नवऱ्याला अजून पुरतं माहीत नाही. ऑफिसात सीक्रेट सँटाच्या (ज्याची चिठ्ठी येईल त्याला आपलं नाव न सांगता भेट द्यायची) चिठ्ठ्या निघाल्या, मुलाच्या शाळेतून 'शुक्रवारी ख्रिसमस जंपर (म्हणजे नाताळच्या नक्षीचा स्वेटर) घालून पाठवा' असा निरोप आला, शेजारच्या आजींनी दारातून कार्ड सरकवलं आणि मी १५ डिसेंबरला घाबरून मॉल गाठला. चाळीस पौंडांच्या नुसत्या सुगंधी मेणबत्त्या घेऊन आले. त्यातली एक अजून माळ्यावर पडली आहे.

त्याला अकरा वर्षं झाली. आता दर सप्टेंबरात नवीन आलेल्या कुणाचा तरी फोन येतोच: "ताई, इथे नाताळात काय काय द्यावं लागतं हो?" प्रत्येकाला तेच सांगते, म्हणून एकदा नीट लिहूनच काढलं. हे इंग्लंडातल्या अनुभवावरून आहे. स्कॉटलंड, वेल्सलाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी मनातली लाज

चॅरिटी शॉप म्हणजे लोकांनी फुकट दिलेल्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसे उभं करणारं दुकान. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झाली, युद्धामुळे उपाशी मरणाऱ्या ग्रीसमधल्या लोकांसाठी. तिचं ब्रॉड स्ट्रीटवरचं दुकान त्याच दशकाच्या अखेरीस उघडलं. आज कुठल्याही गावाच्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावर, ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, बार्नार्डोज, कॅन्सर रिसर्च, स्यू रायडर यांपैकी दोन-तीन तरी दिसतातच, शिवाय गावच्या हॉस्पिसचं एखादं. हॉस्पिसचं दुकान दिसलं तर आधी तिथे शिरा. शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या या संस्थांचा बराच खर्च लोकांच्या देणगीतून निघतो, आणि पैसे जातात ते त्याच गावातल्या माणसांसाठी.

आपली अडचण वेगळीच असते. आपण जुने कपडे बोहारणीला देऊन पातेलं घेतो, पण पुढे ते कपडे कोण विकत घेतं हे आपल्याला दिसत नाही. त्यामुळे वापरलेलं विकत घेणं म्हणजे काहीतरी कमीपणाचं, असं डोक्यात बसलेलं. आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली. मग म्हणाली, "अगं, कुणा गेलेल्या माणसाचं असेल ते." असेलही. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं घर रिकामं करतात आणि चांगलं चांगलं सामान दुकानात आणून देतात. मी आईला विचारलं, आपल्याकडचं पितळेचं घंगाळ कुणाचं आहे? पणजीचं. आणि ज्या गोधडीत मी वाढले ती? आजीच्या लुगड्यांची. त्यावर ती "ते घरचं गं" म्हणाली, पण पुढच्या वेळी इथे आली तेव्हा दोन दिवसांत स्वतःच एक लोकरी कोट उचलून आणला.

पहिली पायरी: यादी सप्टेंबरात

कागदावर माणसांची नावं लिहा, वस्तूंची नाही. शेजारी, मुलाच्या वर्गशिक्षिका, ऑफिसातला सीक्रेट सँटा, घरमालकीणबाई सज्जन असतील तर त्या, मराठी मंडळातली दोन-तीन घरं. प्रत्येकापुढे एकच खूण करा: 'वस्तू', 'खाऊ' किंवा 'नुसतं कार्ड'. नवीन माणसाला वाटतं की सगळ्यांना काहीतरी द्यायलाच हवं. तसं नाही. इथल्या बहुतेक ओळखीच्यांना कार्ड पुरतं, आणि चॅरिटी शॉपमध्ये कार्डांची नवीकोरी पाकिटंही मिळतात.

आकडा ठरवा. माझा मागच्या वर्षीचा हिशेब सांगते, अंदाज यावा म्हणून: पत्र्याचे सात डबे ९ पौंड, चार बरण्या २ पौंड, पाच पुस्तकं १० पौंड, एक लाकडी कोडं ३ पौंड, आणि लोणी, मैदा, साखर, खोबरं वगैरे १८ पौंड. एकूण ४२. यात चौदा घरं झाली.

वापरलेली वस्तू कुणाला द्यायची नाही, तेही आत्ताच ठरवा. इंग्रज शेजाऱ्याला १९७० सालचा बिस्किटांचा डबा दिला तर तो 'व्हिंटेज' म्हणून कपाटावर मांडतो. आपल्याच मंडळातल्या एखाद्या वहिनींना दिला तर त्या खालची किंमतीची चिठ्ठी शोधतात. माणूस ओळखून वागा. सीक्रेट सँटाला मर्यादा बहुतेक पाच किंवा दहा पौंडांची असते. तिथे जुनं पण देखणं पुस्तक चालतं, वापरलेला मग चालत नाही.

दुसरी पायरी: कुठे आणि कधी

साधा नियम: दुकानात तेच येतं, जे आसपासचे लोक टाकतात. म्हणून चांगल्या वस्तूंसाठी पैसेवाल्या उपनगराची बस धरा. आम्ही नॉटिंगहॅमला होतो तेव्हा मी शहराच्या मध्यावर भटकायचं सोडून वेस्ट ब्रिजफर्डला जायचे. तिकीट गेलं तरी परवडायचं.

आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा. शनिवारी गर्दी असते, रविवारी यातली बरीच दुकानं बंद, आणि पाचच्या आसपास दिवे मालवायला लागतात. एकाच दुकानात महिन्यातून एकदा दोन तास घालवण्यापेक्षा दर आठवड्याला दहा मिनिटं डोकावणं जास्त फायद्याचं, कारण माल सतत बदलतो. नाताळचं सामान, म्हणजे झुंबरासारखी लटकणी, जंपर, दिव्यांच्या माळा, खास डबे, हे ऑक्टोबरपासून फळीवर येऊ लागतं. १० डिसेंबरनंतर उरतो तो गाळ.

घासाघीस करू नका. गल्ल्यावरच्या आजी बहुतेक स्वयंसेविका असतात, त्यांना एक पेनीही पगार नाही आणि किंमत बदलायचा अधिकारही नसतो. स्वतःची पिशवी न्या. "हे मागच्या खोलीत अजून आहे का?" असं विचारायला मात्र हरकत नाही. दोन-चार फेऱ्या झाल्या की त्या तुम्हाला ओळखायला लागतात. मी डबे गोळा करते हे कळल्यावर एकीने माझ्यासाठी तीन डबे काउंटरखाली ठेवले होते.

वस्तू परत घेण्याबद्दल: बिघाड असेल तर बोलता येतं, पण 'घरी आल्यावर आवडली नाही' हा तुमचा हक्क नाही. काही दुकानं पावती दाखवली तर बदलून देतात. घेण्याआधी विचारून ठेवा.

तिसरी पायरी: हातात घेऊन बघणं

इथे घाई केलीत तर स्वस्तातलं महाग पडतं.

कपडा आधी उजेडात धरा. लोकरीच्या स्वेटरला बारीक छिद्रं दिसली तर ती कसरीची, खाली ठेवा. काख, कॉलर, मनगटं बघा, चेन एकदा वरखाली करा, खिशात हात घाला. खिशात मला आजवर तीन बसतिकिटं आणि एकदा वीस पौंडांची नोट सापडली. ती नोट गल्ल्यावर दिली, कारण आजी बघत होत्या. आतल्या शिवणीवरचं लेबल वाचा: लोकर, कश्मिरी असं काही असेल आणि किंमत आठ-दहा पौंडांच्या आत असेल तर विचार करू नका. घरी आणल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. न दिसणारी कसरीची अंडी, अळ्या मरतात. आमच्या फ्रीझरमध्ये मटार आणि स्वेटर सुखाने नांदतात. नंतर हाताने, गार पाण्यात धुवा. मशीनमध्ये ४० अंशांवर टाकलेला माझा पहिला लोकरी जंपर बाहेर आला तो मुलाच्या अस्वलाला बसला.

ख्रिसमस जंपर मात्र लोकरीचा शोधू नका. 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था २०१२ पासून डिसेंबरात ख्रिसमस जंपर डे करते, शाळा आणि ऑफिसं त्यात हौसेने उतरतात. वर्षातून एकदा घालायचं हे सोंग, त्याला नवे वीस पौंड घालवणं मला पटत नाही. जुन्या साध्या स्वेटरवर टिकलीचं हरीण शिवलं तरी पोरं खूश.

कपबशी, बाऊल घेताना आपण माठ घेताना करतो तेच करा. एका हाताच्या बोटांवर तोलून नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. कडा उडालेली असेल तर खायच्या कामाला नको. फार जुन्या, भडक रंगाच्या नक्षीच्या ताटल्यांच्या रंगात शिसं असू शकतं, त्या शोभेलाच ठेवा.

खेळण्यावर सीई किंवा यूकेसीए ही सुरक्षेची खूण बघा. बटणासारखी छोटी बॅटरी असेल तर तिचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, ते तपासा. ती पोराच्या पोटात गेली तर जिवावर बेततं. विजेवर चालणारी वस्तू तपासणीची चिकटपट्टी असेल तरच घ्या. बरीच छोटी दुकानं अशा वस्तू ठेवतच नाहीत. गादीवाली खुर्ची वगैरे असेल तर तिच्यावर आगीपासून सुरक्षेचं शिवलेलं लेबल हवं.

आणि जिगसॉ. हजार तुकड्यांचं, बर्फातल्या खेड्याचं, दोन पौंडांना. आम्ही २३ तारखेला मांडायला घेतलं, २५ च्या रात्री अकराला संपलं, आणि चर्चच्या मनोऱ्यात बरोब्बर मधोमध एक भोक राहिलं. सोफा उचकटून झाला, व्हॅक्यूमची पिशवी झाली. खोका नीट बघितला तेव्हा कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: ९९९. म्हणून सांगते, खोका चारी बाजूंनी वाचा.

चौथी पायरी: डबे

आता मुद्द्यावर येते. मी चॅरिटी शॉपमध्ये जाते ती खरं तर डब्यांसाठी. पत्र्याचे जुने बिस्किटांचे, चॉकलेटचे डबे, झाकणावर घोडागाडी नाहीतर राणीचा फोटो. पन्नास पेन्सपासून दोन पौंडांपर्यंत. त्यात घरचा खाऊ भरला की भेट तयार, वेगळं वेष्टण नको, पुठ्ठ्याचा खोका नको.

डबा उघडून आत वास घ्या. गंज असेल, बटणं-खिळे ठेवल्याचा तेलकट वास असेल तर सोडा. झाकण दोनदा लावून बघा. घरी आणून साबणाच्या पाण्याने धुवा, लगेच पुसा आणि नुकत्याच बंद केलेल्या कोमट ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा, म्हणजे सांध्यातलं पाणी सुकतं. आत बेकिंगचा कागद घाला, खाऊ थेट पत्र्यावर नको.

काचेच्या बरण्या लोणचं किंवा चटणीसाठी. गरम साबणाच्या पाण्याने धुवून १४० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं, झाकणं वेगळी उकळून. बरणी गरम असतानाच गरम चटणी भरायची. एक सूचना: इथे 'चटणी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फळं, साखर आणि व्हिनेगर आटवलेला गोडसर मुरंबा येतो. लसणाची कोरडी चटणी द्यायची असेल तर चिठ्ठीवर 'तिखट' असं ठळक लिहा. मी लिहिलं नव्हतं. घरमालकीणबाईंनी ती टोस्टवर जॅमसारखी पसरली.

वेष्टणाची हौस असलीच तर साधा तपकिरी कागद आणि जुन्या साडीचा काठ रिबिनीसारखा बांधा. चमकीचा कागद इथल्या रिसायकलिंगच्या डब्यात चालत नाही. मुठीत चुरगाळून बघा: चुरगाळलेला राहिला तर कागद, पुन्हा उलगडला तर प्लॅस्टिक.

पाचवी पायरी: परक्या ओव्हनशी ओळख

भाड्याच्या घरातल्या ओव्हनचे आकडे पुसलेले असतात आणि उरलेले खोटं बोलतात. आत लटकवायचा थर्मामीटर पाच-सहा पौंडांना मिळतो, तो घ्या. डिजिटल काटाही घ्या. आपली वाटी इथे कामाची नाही, सगळं ग्रॅममध्ये. पंख्याचा ओव्हन असेल तर कृतीतल्या आकड्यापेक्षा दहा-वीस अंश कमी ठेवा.

पिठाच्या फळीपुढे गोंधळू नका. 'प्लेन फ्लॉवर' म्हणजे आपला मैदा. 'सेल्फ-रेझिंग' म्हणजे आधीच बेकिंग पावडर घातलेला, तो बिस्किटांना नको. 'आयसिंग शुगर' ही पिठीसाखर, 'कास्टर' ही बारीक दाण्याची साखर. लोणी घेताना २५० ग्रॅमची वडी घ्या. डबीतलं 'स्प्रेड' स्वस्त दिसतं, पण ते लोणी नव्हे, आणि त्याची बिस्किटं ट्रेवर पसरतात. वेलची, लवंग, दालचिनी, चक्रफूल, डेसिकेटेड खोबरं हे देशी दुकानातून घ्या. सुपरमार्केटच्या इवल्याशा बाटलीच्या किंमतीत तिथे मोठी पिशवी येते.

सहावी पायरी: तीन पदार्थ

नाताळचा केक आणि पुडिंग पहिल्या वर्षी करू नका. अॅडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चारेक आठवड्यांच्या) आधीच्या रविवारी इथे परंपरेने पुडिंगचं पीठ ढवळतात, त्याला 'स्टर-अप संडे' असं नावच आहे. केकला तर आठवडेच्या आठवडे ब्रँडी पाजत बसतात. ते पुढे शिकाल. आपल्याला ज्याची हाताला सवय आहे तेच करायचं, आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंच इथल्या लोकांच्याही ओळखीचं निघतं.

पहिलं शॉर्टब्रेड. स्कॉटिश लोकांची नानकटाईच समजा. प्रमाण एक, दोन, तीन: १०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम लोणी, ३०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ. मऊ लोणी आणि साखर फेसा, मैदा घालून हाताने गोळा जमवा. मळू नका, मळलं की चिवट होतं. बोटभर जाड थापून काट्याने टोचे द्या, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग १६० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं. वरून पांढरट आणि कडेला जेमतेम सोनेरी झालं की बाहेर. आपल्याला खरपूस रंगाची सवय, त्यामुळे 'कच्चं राहिलं की काय' असं वाटतं. राहत नाही. ट्रेमध्ये गरम असतानाच कापा, गार झाल्यावर तुकडे पडतात.

दुसरं नानकटाई, कारण शॉर्टब्रेड सगळेच देतात. १०० ग्रॅम साजूक तूप, १०० ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम बेसन, २५ ग्रॅम बारीक रवा, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची. थिजलेलं तूप आणि साखर पांढरं होईस्तोवर फेसणं, यातच सगळी मेहनत आहे. त्याला दहा मिनिटं द्या. गोळे ठेवताना मध्ये दोन बोटं अंतर सोडा. १७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. पुण्याच्या कॅम्पातल्या श्रूजबेरी बिस्किटांवर वाढलेली मी पहिल्या वर्षी मुद्दाम श्रूजबेरी गावाला जाऊन आले, तर तिथे मला त्या चवीचं काही मिळालं नाही. उलट माझी नानकटाई खाऊन ऑफिसातली तिथलीच एक बाई म्हणाली, "ही कुठून आणलीस?"

तिसरी नारळाची वडी. इथे तिला 'कोकोनट आइस' म्हणतात, अर्धी पांढरी, अर्धी गुलाबी. ही तर गॅस न पेटवता होते. कंडेन्स्ड मिल्कचा ३९७ ग्रॅमचा एक डबा, ४०० ग्रॅम पिठीसाखर, ३२० ग्रॅम डेसिकेटेड खोबरं. सगळं एकत्र, हाताने दाबून. अर्ध्या भागात गुलाबी रंगाचा थेंब, पांढऱ्यावर गुलाबी थर थापायचा, रात्रभर तसंच सुकू द्यायचं, सकाळी वड्या. मुलांना हाताशी घ्या, बिघडण्यासारखं यात काहीच नाही. आजी वयाच्या इंग्रज बायकांना ही वडी दिली की त्या हमखास शाळेच्या जत्रेच्या आठवणी काढतात.

वसई किंवा गोव्याकडच्या वाचकांना हे सगळं शिकवायची गरज नाही. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल करून शेजारी ताटं धाडायची रीत त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी मात्र कुलकुल पहिल्यांदा इथेच खाल्लं, मंडळातल्या वसईच्या एका मावशींकडे.

बिस्किटं दोन-तीन आठवडे टिकतात, वडी फ्रिजमध्ये दोन आठवडे. म्हणजे बिस्किटांना ८ ते १२ डिसेंबरच्या सुमारास बसा, वडी त्यानंतर, डबे द्यायच्या थोडी आधी. एकाच दिवशी तिन्ही करायला जाऊ नका. मी गेले होते, रात्री दीडला ट्रे घासत रडत होते.

सातवी पायरी: डब्यावरची चिठ्ठी

ही पायरी आपल्याला सुचतच नाही, आणि इथे तीच सगळ्यात महत्त्वाची. इथे अॅलर्जी फार गांभीर्याने घेतात. कायद्याने १४ घटकांची यादी आहे: गहू वगैरे धान्यं, दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ, मोहरी, सोया आणि इतर. भेटीच्या खाऊवर लेबल लावायची सक्ती नाही, पण चिठ्ठी लिहाच: कशात काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत खावं. तूप म्हणजे दूध, हे त्यांना कळत नाही, म्हणून तेही लिहा. चिवडा देणार असाल तर शेंगदाण्यांचं ठळक अक्षरात. शाळेत द्यायचं असेल तर आधी विचारा. कित्येक शाळांत शेंगदाणा, काजू दारातूनच परत जातो.

आणि उलट बाजूने, तुम्ही शाकाहारी असाल तर तुम्हाला काय मिळतंय तेही बघायला शिका. मिन्स पायमध्ये मांस नसतं, आत मनुका, सफरचंद आणि मसाल्याचं सारण असतं, आपल्या करंजीच्या चुलत बहिणीसारखं. पण त्या सारणात 'सुएट' घालतात, आणि पारंपरिक सुएट म्हणजे गाईबैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. पुडिंगमध्येही तेच. आता वनस्पती सुएटचे प्रकारही सर्रास मिळतात. पाकिटावर 'शाकाहारींसाठी योग्य' असं लिहिलेलं शोधा. पुडिंगात आणि सारणात दारूही असते, मुलांना देताना लक्षात असू द्या. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी घरी केलेले सहा मिन्स पाय आणून दिले होते. विचारायला जीभ रेटली नाही. नवऱ्याने ऑफिसात नेले, आणि मी आजींना "छान होते" म्हणून थाप मारली. पुढच्या वर्षी खरं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त "मग आधी का नाही सांगितलंस?" म्हणाल्या.

एक बारीक गोष्ट: खाऊ भेट देणं वेगळं, विकणं वेगळं. नियमित विकायचं मनात आलं तर कौन्सिलकडे (म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे) २८ दिवस आधी नोंदणी करावी लागते.

२५ तारखेच्या आधी

२५ डिसेंबरला रेल्वे बंद, लंडनची ट्यूब बंद, मोठी दुकानं कायद्यानेच बंद. २४ ला दुपारनंतर शटर खाली यायला लागतात. दूध, ब्रेड, मुलांचं तापाचं औषध २३ लाच घेऊन ठेवा. या आठवड्यात सुपरमार्केटं एकमेकांशी चढाओढ करत गाजर, बटाटे, पार्सनिप, ब्रसेल्स स्प्राउट्स कवडीमोलाने विकतात. गाजरं भरपूर घ्या आणि हलवा करा. स्प्राउट्सची मोहरी, हिंग, ओलं खोबरं घालून कोबीसारखी भाजी होते, आणि उकडलेल्यापेक्षा कितीतरी बरी लागते.

डबे २० ते २३ च्या दरम्यान स्वतः जाऊन द्या. दारात उभं राहून दोन वाक्यं बोलायची, आत बोलावलं तरच जायचं.

जानेवारीत

कार्डं, कागद, लटकणी बॉक्सिंग डेनंतर (२६ डिसेंबर) निम्म्या किंमतीत मिळतात, पुढच्या वर्षाची खरेदी तेव्हाच करा. तुम्हाला आलेल्या नको त्या वस्तू, त्यात माझी ती मेणबत्तीही आली, चॅरिटी शॉपला द्या, पण उघड्या वेळेत आत नेऊन. बंद दाराबाहेर पिशवी टाकली की पावसात भिजते आणि ती फेकायचा खर्च त्यांच्याच अंगावर पडतो. तुम्ही इथे कर भरत असाल तर 'गिफ्ट एड'चा फॉर्म भरा. तुमच्या वस्तू विकून आलेल्या दर पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात, तुम्हाला एक छदामही जास्त लागत नाही. फक्त वर्षभरात तुम्ही तेवढा कर भरलेला हवा. काही महिन्यांनी पत्र किंवा ईमेल येते, तुमच्या पिशवीचे किती पौंड झाले ते सांगणारी.

डबे परत मागू नका. आलेच तर आनंद. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मी इथे कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी ५ जानेवारीला, इथे नाताळची सजावट उतरवतात त्या संध्याकाळी, दारावर टकटक झाली. आजी उभ्या, हातात माझा घोडागाडीचा डबा. आत सहा मिन्स पाय, आणि वर थरथरत्या अक्षरातली चिठ्ठी: गहू आणि दूध आहे. दारू नाही. सुएट वनस्पतीचं. दोनदा तपासलं आहे.